कॉइल हलली नव्हती

शनिवार, १५ नोव्हेंबर. पहाटेपासून दाट धुकं. वारा अजिबात नाही. पारा नऊ अंशांवर.

वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. खाली पेन्सिलीने लिहिलेले आठ आकडे आहेत, पण ते माझ्या हातचे नाहीत, ताईच्या हातचे आहेत. ते कसे आले हे तेव्हा लिहिणं जमलं नाही. आता बसून, आठवेल तसं नव्हे, तर घडलं त्या क्रमाने लिहितो.

दुपारी दोनला मी आणि ताई मोटार गॅरेजमधून बॅटरी आणायला निघालो. महिन्यातून दोनदा मी ती तिथे चार्ज करायला देतो. धुक्यात समोरचा दिव्याचा खांबसुद्धा अंगावर आल्यावरच दिसत होता. गॅरेजवाल्याने बॅटरी काउंटरवर ठेवली आणि नेहमीसारखं बजावलं, "आडवी करू नका. आम्ल सांडलं तर पँटला खिडक्या पडतील." मग ताईकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "आजच ना, बाई?" त्याने विचारलं.

"आजच. सहा वाजता," ताई म्हणाली.

त्याने चार्जिंगचे पैसे घेतले नाहीत.

मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. रेडिओचं जे काही कळतं ते पुस्तकं वाचून, तारा जोडून आणि चटके खाऊन कळलेलं आहे. ताई माझी सख्खी थोरली बहीण, आणि भावोजी कोळशाच्या एका जहाजावर बिनतारी ऑपरेटर. चार तारखेपासून ते जहाज बेपत्ता होतं. त्यावर एकतीस माणसं होती. एक शोधनौका दहा दिवस समुद्र पालथा घालत होती आणि तिला एक फळकूटही सापडलं नव्हतं. संध्याकाळी सहाला बंदर कचेरी तिला परत बोलावणार होती. तोवर कुठूनही, कसलाही ठावठिकाणा मिळाला तरच शोध पुढे चालणार होता.

बंदराचं स्वतःचं बिनतारी केंद्र आहे, उंच खांब आहे, मोठी यंत्रं आहेत. त्यांना ऐकू आलं नाही ते माझ्या एका व्हॉल्व्हच्या डबड्याला ऐकू येईल असं मला वाटत नव्हतं. पण ताई तीन दिवस माझ्या मागे लागली होती. "ते ऐकताहेत सतरा जहाजांचं. तू एकाचंच ऐक," ती म्हणायची.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य भेटले. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत रुग्णांची करमणूक म्हणून कर्ण्याचा रेडिओ असतो.

"आज पुन्हा शीळ घालणार का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "परवा त्या शिळेने एक बाई खुर्चीतून उठून पळाल्या. तोंडात माझा चिमटा घेऊन!"

"आज शीळ होऊ देणार नाही, डॉक्टर."

"तुम्ही दर वेळी असंच म्हणता," ते म्हणाले. ताईला पाहून मात्र बाजूला सरकले आणि त्यांनी दार धरून ठेवलं.

त्या शिळेविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतो.

व्हॉल्व्ह म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी. एरियलवरून आलेला क्षीण आवाज ती पाच-सहा पट मोठा करते, एकटीची ताकद तेवढीच. पण तो मोठा झालेला आवाज एका लहान कॉइलमधून पुन्हा पहिल्या, मोठ्या कॉइलपाशी नेला, तर तो नव्याने आत शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत शिरतो. पायाच्या शिवणयंत्राचं चाक फिरत असताना नेमक्या क्षणी पायटा दाबला, की बोटभर जोराने चाक भिरभिरायला लागतं, तसंच हे. जोर थोडा, पण वेळ अचूक. लहान कॉइल बिजागरीवर बसवलेली असते. ती मोठीच्या जितकी जवळ न्यावी तितका आवाज वाढतो. दहापट, शंभरपट, हजारपट. डासाची गुणगुण कानाशी टाळ्यांएवढी होते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी रात्रभर जेवण विसरून बसलो होतो. रिकाम्या वाटणाऱ्या हवेत केवढी गर्दी असते, आणि ती कळायला एका बोटाची हालचाल पुरते, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पण कॉइल केसभर जास्त जवळ गेली, की यंत्राला बाहेरच्या आवाजाची गरजच उरत नाही. ते स्वतःच्याच आवाजावर चालायला लागतं. मग ते नुसतं ऐकत नाही, एरियलवरून स्वतःची लहर बाहेर सोडतं. ती दुसऱ्या कुठल्या लहरीला घासली की शीळ उठते आणि आजूबाजूच्या सगळ्या रेडिओंत घुमते. कायद्याने त्याला बंदी आहे. सगळं कसब त्या काठावर, पडायच्या केसभर अलीकडे थांबण्यात आहे. सगळ्यात दूरचं तिथेच ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट. शीळ चालू असताना माणूस यंत्राजवळ आला तर तिचा स्वर उतरतो. आपलं शरीर कॉइलच्या हिशेबात लुडबुड करतं. मी मोजून ठेवलं होतं. दोन हातांच्या अंतरावर माणूस उभा राहिला तर स्वर जेमतेम हलतो. एका हाताच्या अंतरावर अर्धा स्वर उतरतो. वीतभर अंतरावर दोन स्वर. चार बोटांवर हात आणला तर शीळ घोगरी होत जवळजवळ घुमायलाच लागते. ताईने एकदा हात पुढे-मागे करून त्या शिळेवर एक अख्खी चाल वाजवली होती. "घरात निदान हे यंत्र तरी मला भितं," ती म्हणाली होती, आणि भावोजी खुर्चीतून घसरेपर्यंत हसले होते. हा त्रास टाळायला मी लहान कॉइलला हातभर लांब लाकडी दांडी जोडली आणि टोकाला गोल मूठ लावली. मूठ फिरवली की कॉइल हलते आणि माणूस लांब राहतो.

पावणेचारला सगळं जोडून झालं. खोलीत दिवा लावावा लागला. खिडकीबाहेर धुकं कापसासारखं ठासून भरलं होतं आणि खालच्या रस्त्यावरचं एक पाऊलही ऐकू येत नव्हतं. व्हॉल्व्ह तापल्याचा, मेण आणि धूळ भाजल्याचा वास यायला लागला. हेडफोनच्या दोन कानांपैकी एक मी घेतला, एक ताईने. डोक्याला डोकं लावून आम्ही बसलो. लहानपणी एका पांघरुणात बसायचो तसे.

ताईला बिनतारीवरची ती टिचक्यांची भाषा माझ्याहून चांगली येते. लग्नाआधी भावोजींनी तिला चमच्याने टेबलावर वाजवून शिकवली होती, म्हणजे आईसमोर बोलता यावं. आईला वाटायचं, होणाऱ्या जावयाला भूक फार लागते.

जहाजांची गडबड भरपूर होती. एक धुक्यामुळे नांगर टाकून थांबलं होतं. दुसऱ्याला वाटाड्या हवा होता. तिसऱ्याचा स्वयंपाकी आजारी होता.

"सव्वाचारला काय होतं माहितीये ना?" ताईने विचारलं.

माहीत होतं. दर तासाला सव्वा आणि पाऊण या ठोक्यांना समुद्रावरचा प्रत्येक ऑपरेटर तीन मिनिटं हात आवरून बसतो. कुणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून. मी रोज ऐकतो, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. एवढा बडबडा समुद्र एकदम गप्प होतो आणि शेकडो अनोळखी माणसं श्वास रोखून एका कुणासाठी कान देतात.

सव्वाचार झाले. आवाज एकेक करून विझले. मी मूठ हळूहळू फिरवत गेलो. शांततेचीच कुजबुज वाढत गेली, लांबच्या विजांची खरखर, मग पाऊस वाळूत मुरावा तसा आवाज. आणि त्याच्या तळाशी, इतकं बारीक की ते कानात होतं की मनात हे सांगता येऊ नये, दोन झटपट टिचक्या. कट्ट-कट्ट.

ताईची नखं माझ्या मनगटात रुतली.

भावोजी काहीही पाठवायच्या आधी तशा दोन टिचक्या देतात. घसा खाकरल्यासारख्या. कंपनीने त्यांना त्याबद्दल दोनदा समज दिली होती.

"ऐकलंस?"

"विजेची खरखरही असू शकते, ताई."

"वीज खाकरते का रे?"

तीन मिनिटं संपली. सगळी जहाजं पुन्हा बोलायला लागली आणि सगळं त्यात बुडालं. आम्ही अर्धा तास बसून राहिलो. ताईने वही पुढ्यात ओढली, पेन्सिलीला टोक केलं, मग पुन्हा केलं.

"दहा दिवस मी काय करतेय सांगू?" ती म्हणाली. "त्यांचा चहा ओतते. ओतला की आठवतं. मग मीच पिते. दोन-दोन कप पिऊन झोप लागत नाही." ती जरा हसली. "आज सहानंतरही ओतीन बहुतेक."

मी हेडफोनची तार सरळ केली. 

पावणेपाच. समुद्र गप्प झाला.

मी मूठ फिरवायला लागलो. या वेळी टिचक्या लगेच आल्या, आणि त्यांच्या मागे आकडे. चार. चार. शून्य. मी आणखी फिरवलं, आवाज वाढला. आणखी फिरवलं, आणखी वाढला. आधी डोंगरापलीकडून आल्यासारखा होता, मग रस्त्यापलीकडून, मग भिंतीपलीकडून. असा सुरेख, असा स्वच्छ वाढणारा आवाज मी त्या यंत्रावर कधीच ऐकला नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी मला भावोजींचा विसर पडला होता. माझ्याच हाताचं मला कौतुक वाटत होतं.

आणि शीळ उठली. उंच, सरळ, सुईसारखी. आकडे तिच्याखाली दबून गेले.

"मागे घे… मागे घे ना!"

मी मूठ उलटी फिरवली. शीळ गेली नाही. पूर्ण उलटी फिरवली, तरी नाही. तेव्हा मी दिवा जवळ ओढला आणि पाहिलं.

दांडी आणि बिजागरी जोडणारा स्क्रू सैल होता. सकाळी तेल देताना काढला होता आणि कसायचा राहिला होता. शिवणयंत्रावर मी ही चूक वीस वर्षांत एकदाही केली नव्हती. मूठ फिरत होती, दांडी फिरत होती, आणि लहान कॉइल मोठीपासून पुरी तीन बोटं लांब, सकाळी ठेवली होती तिथेच उभी होती. कॉइल हलली नव्हती. आदल्या अर्ध्या तासातही नव्हती, आताही नाही. तेवढ्या अंतरावरून माझं यंत्र आवाज दहापट करतं, त्याहून जास्त नाही. शीळ तर शक्यच नव्हती.

तो आवाज मी वाढवला नव्हता. आवाज जवळ येत होता.

"ताई," मी म्हणालो, "हात मांडीवर ठेव. हलू नकोस…"

मी खुर्चीच्या पाठीला टेकलो आणि हात मागे बांधले. यंत्रापासून आम्ही दोघं दोन हात लांब होतो. स्थिर होतो.

शिळेचा स्वर किंचित हलला.

मग अर्धा स्वर उतरला.

"कोण…" ताई म्हणाली.

मी तो तक्ता मोजून केला होता. मला पाहावंच लागलं नाही. एक हात. थोडा वेळ स्वर तिथेच थांबला, कुणी टेबलापाशी उभं राहून यंत्र न्याहाळावं तसा. मग दोन स्वर खाली. वीतभर. दिव्याची ज्योत हलली नाही. खोलीत गारवा आला नाही. जमिनीची फळी करकरली नाही. होता तो फक्त ओला, खारट वास, आणि त्यात भावोजींच्या पाइपच्या तंबाखूचा, जो आमच्या घरात दुसरं कुणी ओढत नाही.

मग शीळ घोगरी झाली. चार बोटं.

मला भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली असेल. पण आठवतं ते वेगळंच. एखाद्या प्रचंड इमारतीत चुकून शिरावं, मान वर करावी आणि छत दिसूच नये, तसं काहीतरी. एवढ्या अंतरावरून, एवढ्या धुक्यातून, एका सैल स्क्रूच्या यंत्रापाशी.

शीळ तुटायला लागली. वर, खाली. वर, खाली. कुणीतरी कॉइलजवळ हात नेत होतं, काढत होतं. ठरावीक तालात. आधी दोन झटपट टिचक्या.

ताईची पेन्सिल चालायला लागली. तिने वहीकडे पाहिलं नाही. ती कॉइलवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. चार, चार, शून्य, सहा. दोन, सात, एक, आठ. मग पुन्हा तेच आठ. मग तिसऱ्यांदा तेच.

तिसरी वेळ संपली आणि शीळ स्वच्छ होत वर चढायला लागली. वीतभर. एक हात.

"अहो…" ताई म्हणाली.

स्वर थांबला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं आणि वर काही सेकंद. स्वर एका हातावर थांबून होता.

"अहो, चहा…"

तिच्याकडून तेवढंच निघालं. शीळ आणखी अर्धा स्वर चढली, दोन हात, आणि मग बारीक होत होत नाहीशी झाली. अठ्ठेचाळीसला जहाजं पुन्हा बोलायला लागली. वाटाड्या हवा असलेल्याला वाटाड्या मिळाला होता.

ताईने वहीचं पान फाडलं नाही. पूर्ण वहीच उचलली आणि कोट घेतला. "अंश आणि मिनिटं," ती म्हणाली. "पहिले चार अक्षांश, पुढचे चार रेखांश. ते नेहमी असेच देतात. चल."

दारातच दंतवैद्य उभे होते. हातात टॉवेल, चेहरा लालबुंद. "तुमची शीळ! आणि नुसती शीळ नाही, तिच्यावर हात वरखाली करून खेळ चाललाय! तीन माणसं बाहेर बसली आहेत माझी…" त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "काय झालं?"

जाता जाता सांगितलं. ते टॉवेल खांद्यावर टाकून तसेच आमच्याबरोबर धुक्यात आले.

बंदर अधिकारी सभ्य आणि थकलेला माणूस होता. त्याने आठ आकडे दोनदा वाचले. "आमच्या केंद्राने पावणेपाचला काहीच ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "बाई, मला तुमचं दुःख कळतं. पण खोटा संदेश दिला तर तुरुंग आहे, आणि शीळ घातली असेल तर यांचा परवाना जातो. तेव्हा विचार करून सांगा. कुठून आला हा संदेश?"

"शीळ माझ्या यंत्रातून उठली," मी म्हणालो. "परवाना घ्या."

"आणि आकडे?"

"माझ्या नवऱ्याच्या हातचे आहेत," ताई म्हणाली. "हात मी ओळखते."

"तुम्हा दोघांखेरीज कुणी ऐकलं?"

"मी ऐकलं," दंतवैद्य म्हणाले. "शिव्या देत ऐकलं, पण ऐकलं. माझ्या तीन रुग्णांनीही ऐकलं. एकाचं तोंड उघडं होतं, कान बंद नव्हते. ती शीळ तीनदा एकसारखीच तुटली. तशी गंमत म्हणून कुणाला तोडता येत नाही."

अधिकाऱ्याने भिंतीवरच्या नकाशावर दोन पट्ट्या ठेवल्या. त्या जिथे मिळाल्या तिथे त्याने बोट ठेवलं. शोधनौकेच्या परतीच्या वाटेपासून ती जागा बरीच बाजूला होती, आणि तिथे आजवर कुणी शोधलं नव्हतं. सहाला आठ मिनिटं कमी असताना त्याने संदेश लिहून आतल्या खोलीत पाठवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर. निरभ्र. मंद वारा. पारा सहा अंशांवर.

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी शोधनौकेला एक होडी सापडली. जागा: पहिले चार आकडे ४४०६, पुढचे चार २७१८. होडीत नऊ माणसं जिवंत होती. भावोजी त्यांच्यात नव्हते. होडीतल्या दुय्यम अधिकाऱ्याच्या जबानीप्रमाणे ते बिनतारी खोलीतच राहिले आणि ४ तारखेला जहाजाबरोबर गेले. होडीत बिनतारी यंत्र नव्हतं. माझा परवाना सहा महिन्यांसाठी रद्द झाला.

दुय्यम अधिकारी रोज दुपारी सूर्य बघून होडीची जागा लिहून ठेवत असे. त्याच्या नोंदीप्रमाणे शनिवारी, १५ तारखेला, होडी त्या जागेपासून एक्केचाळीस मैल पश्चिमेला होती. आकड्यांनी सांगितलेल्या जागी ती सोमवारी पहाटेच पोचली.